गाडीला हात लावायचा नाही

सोमवारी सकाळी बायकोला मुरबाडच्या एसटीत चढवून देताना महेंद्रने एक निर्णय घेतला. तसा तो निर्णय घेणाऱ्यांतला नव्हता. शहापूरच्या एका सरकारी कचेरीत तो आवक-जावक कारकून होता. तिथे निर्णय बाहेरून येत आणि बाहेर जात. महेंद्र मधल्यामधे त्यांच्यावर शिक्का मारी. पण त्या सकाळी संध्या खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "डाळ डब्यात आहे. शनिवारी येते." एसटी गेली, धूळ बसली, आणि महेंद्रने ठरवलं, बाबांची मोटारसायकल विकायची.

कारण सांगायला हवं. संध्या मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवर शाळामास्तरीण होती. सकाळी जायला एसटी होती, पण संध्याकाळी शाळा सुटायच्या आधीच परतीची निघून जायची. म्हणून ती आठवडाभर सरळगावला खोली घेऊन राही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि संसार शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, एवढाच. (त्यातला अर्धा रविवार महेंद्रची आई जानकीबाई सुनेला आठवडाभराच्या गोष्टी सांगण्यात घेत. महेंद्रच्या वाट्याला उरलासुरला संसार येई.) संध्याकडे स्कूटर असती, तर ती रोज घरी आली असती. आणि स्कूटर घ्यायची तर विकण्याजोगी एकच वस्तू घरात होती.

ती वस्तू पडवीत उभी होती. लढाईच्या काळातली इंग्रजी बीएसए. कधीकाळी लष्करी हिरव्या रंगाची, आता हिरवी, तपकिरी, काळी, जिकडून बघाल तशी. महेंद्रचे वडील नथू आरोग्य खात्यात होते. देवीची लस टोचायला सिद्धगडच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत जात. मुरबाडच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडून त्यांनी ती घेतली आणि आयुष्यभर वापरली. त्यांच्याशिवाय ती कोणाच्या किकला चालू झाली नाही. महेंद्रने एकदा प्रयत्न केला होता. किक उलटली, आणि पुढचा महिनाभर तो लंगडत शिक्के मारत होता. नथू गेल्यावर गाडीच्या हँडलला कांद्यांच्या माळा लटकल्या, टाकीवर एक गोणपाट पडलं ते पडलंच, आणि मागच्या कॅरियरवर एका तांबड्या कोंबडीने मुक्काम ठोकला.

महेंद्रच्या साहेबांनी ठाण्याच्या एका दंतवैद्यांचं नाव सुचवलं. त्यांना जुन्या मोटारसायकलींचा नाद होता. महेंद्रने शहापूरहून फोटोग्राफर आणला. फोटोग्राफरने फोटोपुरतं टाकीवरचं गोणपाट आणि कांद्यांच्या माळा काढून मागच्या भिंतीला टांगल्या, आणि पाठीमागे कांदे दिसू नयेत म्हणून महेंद्र स्वतः चादर ताणून गाडीमागे उभा राहिला. फोटो साहेबांमार्फत ठाण्याला गेला, आणि थोड्याच दिवसांत गावच्या नाक्यावर हरेशच्या दुकानातल्या पिवळ्या फोनवर फोन आला.

साल दोन हजार तीन. मोबाइल निघाले होते, पण गावात रेंज यायची ती फक्त ओढ्यावरच्या पुलावर, आणि तीही कठड्यावर चढलं तर. त्यामुळे गावाची सगळी खाजगी बोलणी हरेशच्या दुकानात, तेलाच्या डब्याशेजारी उभं राहून होत, आणि गिऱ्हाइकं ती मन लावून ऐकत.

"नमस्कार, मी डॉक्टर टिपणीस," पलीकडून आवाज आला. लाइन मुरमुरे भाजल्यासारखी तडतडत होती. "फोटो पाहिला. एकच विचारतो. पॅटिना ओरिजिनल आहे ना?"

पॅटिना हा शब्द महेंद्रने जन्मात ऐकला नव्हता. तडतडीतून त्याच्या कानात शिरलं ते असं: "पत्नी ना, ओरिजिनल आहे ना?"

"हो," महेंद्र चाचरत म्हणाला. "पहिलीच."

"वा! मधे कोणी रंगबिंग नाही ना लावला? स्पष्ट सांगा. एकदा रंग लागला की मला उपयोग नाही."

"लग्नात हळद लावली होती. तेवढीच."

"हळद? चालेल, हळद जाते निघून. गंज किती आहे?"

दुकानात साखर मोजणाऱ्या हरेशचा हात थांबला. महेंद्रने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "साहेब, ती शाळेत शिक्षिका आहे. तिशीचीसुद्धा नाही अजून."

"तिशीची? अहो, फोटोवरून मला साठीची वाटली!"

"साठीची माझी आई आहे!" महेंद्र ओरडला.

मग डॉक्टर इतके हसले की हरेशलाही ऐकू गेलं. "अहो, पॅटिना! प, ट, न! पत्नी नव्हे! ऊन, पाऊस, तेल, धूळ, माणसाचा हात, यांनी वर्षानुवर्षांत लोखंडावर जी कळा येते ती. नव्याने रंगवलेल्या गाड्या मला ढिगाने मिळतात. जशी आहे तशी कोणी ठेवत नाही. तुमची मी घेईन, आणि चांगली किंमत देईन. पण नीट ऐका. मी येत्या रविवारी येतो. तोवर गाडीला हात लावायचा नाही. धुवायची नाही, तेल लावायचं नाही. नुसतं ओलं फडकं मारलंत तरी मला कळेल, आणि मी आल्या पावली परत जाईन. हात लावायचा नाही!"

फोन ठेवून महेंद्र घाईने घराकडे निघाला. कारण जगात गाडीला हात न लावण्याचं काम सगळ्यात कठीण कुठे असेल, तर ते जानकीबाईंच्या घरात.

जानकीबाईंनी जन्मभर वस्तू घासल्या. रॉकेलचा स्टोव्ह त्यांनी इतका घासला होता की त्यावरचं कंपनीचं नाव गेलं होतं. घरातल्या पितळी तांब्याचं पितळ पातळ झालं होतं. घड्याळाच्या काचेआडचे आकडे शाबूत होते, कारण काच मधे होती.

"आये," महेंद्र घरी येऊन म्हणाला, "बाबांच्या गाडीला रविवारपर्यंत कोणी हात नाय लावायचा."

"मी म्हनतच होते," जानकीबाई म्हणाल्या, "रविवारच्या आदी एकदा चिंच लावून—"

"चिंच नाय!"

"मंग राखुंडी."

"आये, काय नाय लावायचं. त्याना मळकीच हवी."

जानकीबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. "मळकी? तुझा बाप सकाळी तोंड धुवायच्या आदी ती गाडी पुसायचा. आनि आता दुसऱ्याच्या दारात ती अशी जानार? लोक म्हनतील, नथूच्या मागं त्याच्या बायकोला फडकं नाय गावलं."

"लोक काय म्हणतील ते म्हणू दे. एक फडकं मारलं तर संध्याची स्कूटर गेली."

सुनेचं नाव निघताच जानकीबाईंनी सूप पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "बरं. नाय लावत. शब्द दिला."

शब्द दिला, पण महेंद्रचा विश्वास काही बसला नाही. त्याने पडवीला सुंभ बांधून हद्द आखली. कचेरीत शिक्के मारताना त्याला डोळ्यांपुढे चिंच दिसे. दोन वेळा अर्धी रजा टाकून तो मधेच घरी आला. एकदा जानकीबाई सुंभाच्या अलीकडे उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. हातात काही नव्हतं. तरी महेंद्र मधे जाऊन उभा राहिला.

"काय बघतेस?"

"बघायचं पन नाय का?"

कोंबडीचा वेगळा घोर होता. पहिल्या दिवशी त्याने तिला हुसकून लावलं. मग वाटलं, डॉक्टर म्हणाले जशी आहे तशी. कोंबडी फोटोत होती. मग तो रोज संध्याकाळी घरभर त्या कोंबडीमागे धावे आणि तिला पकडून कॅरियरवर आणून बसवी. (कोंबडीने त्या आठवड्यात अंडी घालणं बंद केलं.)

इकडे हरेशच्या दुकानातून बातमी फुटली होती, आणि फुटताना तिचा आकार बदलला होता. शनिवारी संध्या एसटीतून उतरली ती गोरीमोरी होऊनच.

"मला काय झालंय?" तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं.

"तुला? काय झालंय?"

"तेच विचारते. कंडक्टर म्हणाला, बाई, बसा, उभ्या राहू नका. ठाण्याचे डॉक्टर तुम्हाला बघायला येणार म्हणे. सगळ्या गाडीने मला जागा दिली. एका बाईने लिंबू दिलं."

महेंद्रने सगळं सांगितलं. संध्या हसत सुटली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे खरंच स्कूटर येईल?"

"उद्याचा दिवस निघाला तर."

त्या एका वाक्याने तीही घाबरली. एवढ्यात पडवीतून डबा उघडल्याचा आवाज आला. दोघं धावली. महेंद्रचा मामेभाऊ भिमा सुंभाच्या आत उकिडवा बसला होता. हा शाळांच्या भिंती रंगवायचा. हातात ब्रश, पुढ्यात चंदेरी रंगाचा डबा.

"दादा, सायलेन्सर कसला झालाय रे," भिमा म्हणाला. "घरचं काम हाय, पैशे नकोत."

महेंद्रने त्याच्यावर झडप घातली असं नंतर भिमा सांगे. महेंद्रच्या मते त्याने फक्त हात धरला. काही असो, ब्रशावरचा चंदेरी रंग गाडीवर न पडता महेंद्रच्या शर्टावर पडला, आणि तो शर्ट नवा होता. महेंद्रला त्याचं काही वाटलं नाही. गाडी वाचली होती.

रविवार उजाडला. महेंद्र आंघोळ करून, दुसरा शर्ट घालून पडवीत गेला. कांद्यांच्या माळा उतरवल्या. मग टाकीवरचं गोणपाट. गोणपाट काही गाडीचा भाग नव्हे, ते काढायला हरकत नव्हती. त्याने ते अलगद उचललं.

आणि तो जागच्या जागी थिजला.

टाकीच्या दोन्ही बाजूंना, तळहाताहून मोठे, दोन डाग चकचकत होते. हिरवा रंग तिथून साफ उडाला होता आणि आतलं लोखंड आरशासारखं लकाकत होतं. बाकी सगळी गाडी मळकट, आणि मधेच हे दोन उजेडाचे तुकडे.

"आये!"

जानकीबाई चुलीपुढून उठून आल्या.

"शब्द दिला होतास ना? दिला होतास ना शब्द?"

"काय झालं रे?"

"हे काय झालं! दोन्ही अंगांनी घासलंस! चोरून! गोणपाटाखाली हात घालून!"

जानकीबाईंनी टाकीकडे पाहिलं. मग मुलाकडे. पदर खोचला, पायांत चपला सरकवल्या आणि ओटा उतरून चालू लागल्या. त्या नाक्याच्या दिशेने गेल्या.

"आईंना विचारा तरी आधी," संध्या म्हणाली. "त्यांनी नाही म्हटलं असतं तर?"

"नाय म्हणाली का? नाय म्हणाली?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

पण महेंद्रला ऐकायला वेळ नव्हता. डॉक्टर कोणत्याही क्षणी येतील. त्याने न्हाणीतल्या हंड्याच्या बुडाची काजळी खरवडली. त्यात खोबरेल घातलं, पडवीच्या कोपऱ्यातली धूळ मिसळली आणि वाटीत कालवलं. जन्मात पहिल्यांदाच त्या घरात कोणीतरी वस्तू मळवत होतं. बोटाने त्याने ते दोन्ही डागांवर लिंपलं. आधी फार काळं झालं. मग धूळ फुंकली. मग दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं.

"दिसतंय का काही?"

"दिसत नाही," संध्या म्हणाली. "पण मला बरं वाटत नाही." तिने वाटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि घासायला ठेवली. तेवढ्यात रस्त्यावर जीप वाजली. तिच्यामागे एक टेम्पो. डॉक्टर गाडी न्यायच्याच तयारीने आले होते.

डॉक्टर टिपणीस उंच, शांत, पांढऱ्या बुटांचे. त्यांनी चहा नको म्हणून सांगितलं. पडवीत आले आणि गाडीपुढे असे उभे राहिले, जसं कोणी वडीलधाऱ्या माणसापुढे उभं राहावं. मग खिशातून छोटा विजेरीचा दिवा आणि दात बघायचा लांब दांड्याचा आरसा काढून त्यांनी गुडघे टेकले.

डॉक्टर इंजिनच्या खाली बघत होते. "सुंदर," ते पुटपुटले. चाकाच्या आऱ्यांवर उजेड टाकला. "सुंदर." कॅरियरवरच्या कोंबडीकडे बघून क्षणभर थांबले, पण काही बोलले नाहीत. सीटचं फाटलेलं कातडं, हँडलवरचा घासलेला रबर, दिव्याच्या काचेवरचा तडा. दर वेळी "सुंदर" म्हणत ते टाकीच्या जवळ येत होते, आणि दर "सुंदर"बरोबर महेंद्र एक पाऊल मागे सरत होता. टेम्पोवाला इंजिन चालू ठेवूनच बाहेर उभा होता.

डॉक्टर टाकीपाशी पोचले. या बाजूने पाहिलं. त्या बाजूने पाहिलं. पुन्हा या बाजूने. मग खिशातून महेंद्रने पाठवलेला फोटो काढला आणि टाकीशेजारी धरला.

"गुडघे कुठे आहेत?"

महेंद्रने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "कोणाचे?"

"गाडीचे! म्हणजे चालवणाऱ्याचे. फोटोत टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे घासून रंग गेलाय. आतलं लोखंड दिसतंय. हे बघा. वीस-पंचवीस वर्षं एकाच माणसाने मांड टाकली तर अशी जागा पडते. मी हजार गाड्या पाहिल्या असतील, अशी जागा पाहिली नाही. मी त्या गुडघ्यांसाठी आलो आहे."

महेंद्रने फोटो हातात घेतला. दोन्ही डाग स्वच्छ दिसत होते. त्याने हा फोटो आधी बघितला होता, पण त्यात तो चादर नीट ताणली गेली आहे का एवढंच बघत होता.

"टाकी बदललीत तुम्ही," डॉक्टर थंडपणे म्हणाले आणि आरसा रुमालात गुंडाळू लागले. "चांगली टाकी काढून ठेवलीत आणि दुसरी बसवलीत. मला वाटलं होतं, साधी माणसं आहेत."

"नाही हो, साहेब!"

"मग हे काय आहे?" डॉक्टरांनी टाकीला एक बोट लावलं. बोट काळं झालं. ते त्यांनी नाकाशी नेलं. "खोबरेल?"

कोंबडी एकदाच कॉककन ओरडली.

"काजळी आहे," महेंद्र म्हणाला. "खोबरेलात."

"कोणी लावली?"

"मी."

"का?"

हे समजावून सांगायला महेंद्रला बरीच वाक्यं लागली, आणि प्रत्येक वाक्याबरोबर तो थोडा थोडा लहान होत गेला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग कपाळाला हात लावला. "आणि आता घाईघाईने पुसलंत, तर त्या जागेच्या कडांचा रंग निघेल. ती कड गेली की सगळं गेलं. कोणी हात लावू नका!"

हे वाक्य ऐकून महेंद्रला रडू यायचंच बाकी राहिलं. तेव्हा संध्या पुढे झाली. "डॉक्टर, गाडीची कागदं आईंच्या नावावर आहेत. बाबांच्या नंतर त्याच मालकीण. त्यांच्या सहीशिवाय ती विकलीही जाणार नाही आणि पुसलीही जाणार नाही. आणि त्या आत्ता हरेशच्या दुकानात आहेत." मग नवऱ्याकडे वळून, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "जा. मी गेले तर त्या माझ्यासाठी येतील. ते नको. तुम्ही जा."

महेंद्र गेला. नाक्यापर्यंतचा तो रस्ता त्याला कधी एवढा लांब वाटला नव्हता. दुकानाच्या बाकड्यावर जानकीबाई आणि हरेशची आई सकुबाई सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. शेजारी म्हातारी जिवली. रविवार असल्यामुळे गिऱ्हाइकांची गर्दी होती. (महेंद्रने चपला घालताना मनात म्हटलं होतं, दुकानात कोणी नसू दे. निदान थोडे असू देत.)

"आये," तो हळूच म्हणाला. "चुकलो."

जानकीबाईंनी डाळीतून एक खडा काढून टाकला.

"काय म्हनतो गो हा?" सकुबाईने विचारलं.

"नाय आयकू आलं," जानकीबाई म्हणाल्या.

"चुकलो, आये. तू नाय घासलंस. बाबांचे गुडघे होते."

"मोठ्यानं बोल रे," सकुबाई म्हणाली. "जिवलीला कमी आयकू येतं. तिला पन कळू दे, मायवर आळ कसा घेतात ते."

तेव्हा महेंद्रने नाक्यावर उभं राहून, तेलाच्या डब्याशेजारी, सगळ्या गिऱ्हाइकांपुढे, जिवलीच्या कानाच्या मापाने ओरडून सांगितलं की आई निर्दोष आहे, गाढव मी आहे, आणि बाबांच्या गुडघ्यांना काजळी मीच फासली. समोरच्या थांब्यावर एसटी उभी होती. तिच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

जिवली म्हणाली, "लगीन कवा हाय?"

जानकीबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी सूप सकुबाईच्या मांडीवर दिलं आणि उठल्या. घरापर्यंत त्या मुलाशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्याच्या पुढे न चालता बरोबर चालल्या.

पडवीत त्यांनी टाकीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. "हात लावू?"

"लावा, आई," डॉक्टर म्हणाले. "पण फार जपून."

जानकीबाईंनी जुन्या लुगड्याचा, धुवून धुवून मऊ झालेला तुकडा आणला. बोटाला गुंडाळला आणि झोपलेल्या मुलाचं काजळ पुसावं तसं टेकवत, उचलत, टेकवत, उचलत त्यांनी काम सुरू केलं. घासलं एकदाही नाही. महेंद्र खांबाला धरून उभा होता. फडक्याचा एक कोपरा काळा झाला की त्या दुसरा घेत. हळूहळू लोखंड दिसू लागलं, आणि त्याच्या भोवती हिरव्या रंगाची कड, जशीच्या तशी.

"म्हसा गावच्या जत्रंला न्यायचे मला," हात न थांबवता त्या म्हणाल्या. कोणाला सांगत होत्या कळेना. "वाटंत लय खड्डे. मी मागं बसायची. मी भिते म्हनून ते दोन्ही गुडघे आवळून बसायचे. मी म्हनायची, पँट फाटंल. दर दसऱ्याला नवी पँट लागायची त्याना. दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. मी ठिगळं लावायची आनि शिव्या घालायची." दुसऱ्या बाजूचा डाग पूर्ण उघडा झाला. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि त्या जागेवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

डॉक्टरांनी विजेरी विझवली होती.

"तुमी हिला घासनार तर नाय ना?" जानकीबाईंनी विचारलं.

"नाही, आई. अशीच ठेवीन."

"रंग नाय मारनार?"

"नाही."

"मंग न्या," जानकीबाई म्हणाल्या, आणि सहीसाठी हात पुढे केला. नथूंनी लग्नानंतर त्यांना सही शिकवली होती. ती त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षराला वेळ देऊन केली. संध्या त्यांच्या पाठीला हात लावून उभी होती.

गाडी टेम्पोवर चढवताना भिमाही आला, हरेशही आला, आणि कोंबडी तेवढी खाली उतरवून ठेवावी लागली. सगळं पार पडलं तेव्हा महेंद्र आठवड्यात पहिल्यांदा मनापासून हसला. अगदी तोंड भरून.

जीपमधे चढत असलेले डॉक्टर थबकले. "जरा आ करा बघू." त्यांनी पुन्हा विजेरी काढली. चहा, तंबाखू आणि पानाचं वर्षानुवर्षांचं पुट त्यांनी वरून, खालून, आरसा लावून पाहिलं. या वेळी ते सुंदर म्हणाले नाहीत. "हे मात्र काढायलाच हवं. ठाण्याला या. मी पैसे घेणार नाही."

"साहेब, ओरिजिनल आहे," महेंद्र दुखावून म्हणाला.

"म्हणूनच लवकर या."

महिन्याभरात स्कूटर आली. संध्या ती आठवड्याभरात शिकली आणि रोज संध्याकाळी उजेड असतानाच घरी येऊ लागली. महेंद्रही शिकायला बसला होता. त्याबद्दल इथे फार न बोललेलं बरं, फक्त कुंपण नंतर भिमाने नीट करून दिलं. तेव्हा एका रविवारी संध्या पुढे, महेंद्र मागे, असं करून तिने त्याला आसनगाव स्टेशनला सोडलं, आणि तो ठाण्याला डॉक्टरांकडे गेला.

खुर्चीत तो बराच वेळ होता. परत आला तेव्हा त्याचे दात असे पांढरे झाले होते की स्टेशनवर संध्याने त्याला पाहिलं, काही म्हणायला गेली, आणि मग स्कूटरला किक मारण्यातच गुंतली. महेंद्रला वाटलं, लाजली.

घरी जानकीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. महेंद्र त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही बाजूंनी दिसतील असे सगळे दात दाखवून हसला.

जानकीबाईंनी चष्मा वर केला. नीट पाहिलं. मग पुन्हा सुपात डोकं घातलं.

"आदी बरा दिसत होतास रे," त्या म्हणाल्या.